वर्षवलये आणि दुष्काळ

अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या जुन्या वाड्यात सागवानी तुळईचे कापलेले टोक दिसले, तर ते निरखून पाहावे. त्यावर एकाभोवती एक अशा वाटोळ्या रेषा दिसतात. दोन रेषांमधील पट्टा म्हणजे त्या सागाच्या आयुष्यातील एक वर्ष होय. यालाच वर्षवलय म्हणतात.

साल आणि लाकूड यांच्यामध्ये कोवळ्या पेशींचा पातळ थर असतो. तोच नवे लाकूड घडवितो. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो, तेव्हा हा थर जणू निजलेला असतो. पावसाळ्याच्या सुमारास तो जागा होतो. प्रथम मोठ्या छिद्रांचे लाकूड बनते. पुढे ओल ओसरू लागली की बारीक छिद्रांचे, घट्ट लाकूड तयार होते. मोठ्या छिद्रांची नवी रांग आली की मागील वर्ष संपले असे समजावे. वडाच्या लाकडात अशी स्पष्ट वलये उमटत नाहीत. म्हणून पेमगिरीच्या प्रसिद्ध वटवृक्षाचे वय वलये मोजून सांगता येत नाही.

वलयाची रुंदी दरवर्षी सारखी नसते. झाडाला ऊन, ऊब, माती, पाणी हे सारेच लागते. त्यांतील जे सर्वांत तुटपुंजे, तेच वाढीला लगाम घालते. अकोले तालुक्यात घाटघरच्या बाजूस पाऊस धो धो कोसळतो. सह्याद्री ओलांडून पूर्वेस येईपर्यंत ढगांतील बहुतेक पाणी सरलेले असते. घाटमाथ्यावरील झाडाचे पाऊस थोडा उणा झाल्याने अडत नाही. माळावरील झाडाचे अडते. माळावरही विहिरीकाठचे झाड साक्षीदार म्हणून कुचकामाचेच! खडकाळ उतारावर कसेबसे जगलेले झाड खरी हकीकत सांगते.

अमेरिकेतील ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ॲरिझोनाच्या निमकोरड्या प्रदेशातील पाइन वृक्षांत हेच पाहिले. तो सूर्यावरील डागांचा परिणाम शोधीत होता. हाती लागला तो दुष्काळांचा इतिहास. कडक अवर्षणात झाड कधी वलय धरतच नाही. म्हणून केवळ मोजणी पुरत नाही. अनेक झाडांतील अरुंद-रुंद वलयांचा क्रम जुळवावा लागतो. अशा जुळणीनेच त्याने १९२९ साली प्राचीन वस्त्यांतील तुळयांची वर्षे निश्चित केली.

आपल्याकडे याचे मोल मोठे आहे. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. १६३० साली दख्खनेत भीषण दुष्काळ पडला, त्याची वर्णने आहेत. पण पाऊस किती उणा होता, याचा आकडा कोणी लिहून ठेवलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी केरळातील सागांवरून १४८१ सालापासूनचा वलयांचा क्रम लावला आहे. केरळात पाऊस पुष्कळ. तरी तेथेही कोरडा ऋतू येतो, आणि पावसाळा अपुरा पडलेल्या वर्षी वलय अरुंद उतरते. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीएवढी कांडी काढली की पुरते.

जुन्या वाड्यांच्या तुळयाही अशाच वाचता येतील, पण जपून. ते लाकूड कोणत्या रानातले, हे आधी शोधावे लागते. शिवाय तासताना सुताराने बाहेरची वलये काढून टाकलेली असतात. त्यामुळे झाड कोणत्या वर्षी तोडले ते नेमके कळत नाही, आतील वर्षांचा क्रम मात्र शाबूत राहतो.