दैनंदिन ताणतणाव : स्वरूप आणि व्यवस्थापन
(विशेष संदर्भ : शिरूर व दौंड तालुके)

प्रस्तावना :
ताण म्हटला की मृत्यू, दुर्धर आजार, कर्जबाजारीपणा असे मोठे आघात प्रथम डोळ्यांसमोर येतात. तथापि बहुतेकांचे मनःस्वास्थ्य झिजते ते रोजच्या लहानसहान कारणांनी. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत शेती, औद्योगिक वसाहती आणि पुण्याकडे होणारा नित्याचा प्रवास हे तीन जीवनक्रम अनेकदा एकाच घरात नांदतात. महाविद्यालयात येणारा विद्यार्थी याच घरांतून येतो. म्हणून या ताणाचे स्वरूप जाणून घेणे प्राध्यापकांच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे.

ताणाची संकल्पना :
हान्स सेलिये यांनी 1936 मध्ये ताणाला शरीर देत असलेल्या प्रतिसादाची मांडणी केली. धोक्याची जाणीव, प्रतिकार आणि परिक्षीणता अशा त्याच्या तीन अवस्था होत. धोका जाणवताच अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात. प्रसंग टळल्यावर शरीर पूर्ववत होते. परंतु प्रसंग रोज उद्भवल्यास पूर्ववत होण्यास अवधीच मिळत नाही. निद्रानाश, चिडचिड, विस्मरण आणि पचनाच्या तक्रारी ही त्याचीच लक्षणे असू शकतात.

होम्स व राहे यांनी 1967 मध्ये जीवनातील 43 घटनांची ताणमापन श्रेणी तयार केली. पुढे 1981 मध्ये कॅनर, लाझारस व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, मानसिक तक्रारींचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा दैनंदिन कटकटींवरून अधिक चांगला येतो.

स्थानिक स्वरूप :
दौंड हे रेल्वे जंक्शन असून तेथून पुणे सुमारे 75 किलोमीटर आहे. रोज ये-जा करणाऱ्याचा दिवस गाडीच्या वेळेने बांधलेला असतो; गाडी उशिरा धावली की कामावरची हजेरी आणि घरची जबाबदारी दोन्ही कोलमडतात. पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील वाहतूक कोंडी शिरूरकरांना परिचित आहे. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत बदलत्या पाळ्यांमुळे झोपेचे चक्र बिघडते. कालव्याचे आवर्तन केव्हा सुटेल ही शेतकऱ्याची चिंता असते. ज्यांच्या पंपांना अद्याप रात्रीच वीज मिळते, त्यांना अंधारात उसाला पाणी द्यावे लागते. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडली. अशा ठिकाणी रात्री बांधावर जाणाऱ्याची भीती हा मनाचा दुबळेपणा नव्हे. ती वास्तवाची योग्य जाणीव होय.

ताणाचे मूल्यमापन व व्यवस्थापन :
लाझारस व फोकमन यांनी 1984 मध्ये प्रतिपादन केले की, ताण केवळ प्रसंगात नसून प्रसंग आणि व्यक्ती यांच्या संबंधात असतो. ‘यात मला धोका आहे काय?’ आणि ‘त्याला तोंड देण्यास माझ्याजवळ काय आहे?’ असे दोन प्रश्न मन विचारते. त्यानुसार उपायही दोन प्रकारचे ठरतात.

1) समस्याकेंद्रित उपाय : परिस्थिती बदलता येण्याजोगी असेल, तर ती बदलावी. कामांचा अग्रक्रम लावणे, एका वेळी एकच काम हाती घेणे, अनावश्यक जबाबदारी सौजन्याने नाकारणे, रात्रपाळीनंतरच्या झोपेची वेळ घरच्यांशी बोलून निश्चित करणे, हे या प्रकारात मोडते.

2) भावनाकेंद्रित उपाय : गाडीला झालेला उशीर प्रवाशाच्या हाती नसतो. तेथे संथ व दीर्घ श्वसन, नियमित चालणे, विश्वासू व्यक्तीपाशी मन मोकळे करणे उपयोगी पडते. श्वास सावकाश सोडल्याने परानुकंपी मज्जासंस्था कार्यप्रवण होते आणि हृदयगती मंदावते. तंबाखू व मद्य मात्र क्षणिक विसर देऊन मूळ ताणात भर घालतात.

3) सामूहिक उपाय : काही ताण एकट्याने बदलता येत नाहीत, पण संघटितपणे बदलता येतात. दिवसा वीजपुरवठा, सोयीची एस.टी. फेरी, सुरक्षित पाळीव्यवस्था हे प्रश्न प्राणायामाने सुटणारे नाहीत. त्यांसाठी ग्रामसभा, प्रवासी संघटना व कामगार संघटना ही माध्यमे आहेत.

महाविद्यालयाची भूमिका :
पहिल्या तासाला डुलक्या घेणारा विद्यार्थी बेफिकीरच असतो असे नाही; तो रात्री पाणी धरून किंवा पाळी करून आलेला असू शकतो. शिक्षेपूर्वी केलेली एक विचारपूस बराच उलगडा करते. अंतर्गत परीक्षा व प्रकल्पांच्या तारखा एकाच आठवड्यात न ठेवणे आणि एस.टी.च्या वेळा पाहून वेळापत्रक आखणे हेही ताणव्यवस्थापनच होय. अध्यापन, मूल्यांकन व कार्यालयीन अहवाल यांत गुरफटलेल्या प्राध्यापकालाही हेच नियम लागू पडतात. लक्षणे काही आठवडे टिकल्यास किंवा आत्मघाताचे विचार येऊ लागल्यास विलंब न करता तज्ज्ञांकडे जावे. केंद्र शासनाने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य साहाय्य मिळते.

समारोप :
ताण संपूर्णपणे नाहीसा करणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. मर्यादित ताण कार्यास प्रवृत्त करतो. बदलता येणारे कोणते, सोसावे लागणारे कोणते आणि सर्वांनी मिळून बदलायचे कोणते, हा विवेक महत्त्वाचा आहे. सर्वच ताणांचा दोष व्यक्तीच्या मनावर टाकल्यास आधीच थकलेल्या माणसावर अपराधीपणाचे आणखी एक ओझे पडते. ते टाळणे हे ताणव्यवस्थापनाचे पहिले पाऊल ठरावे.