कूपर युनियन छायाचित्र (अब्राहम लिंकन)

कूपर युनियन छायाचित्र हे अब्राहम लिंकन यांचे व्यक्तिचित्र असून ते मॅथ्यू ब्रेडी या छायाचित्रकाराने २७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यू यॉर्क येथील आपल्या चित्रशाळेत घेतले. त्याच दिवशी सायंकाळी लिंकन यांनी कूपर युनियन या संस्थेच्या सभागृहात गुलामगिरीच्या विस्ताराविरुद्ध भाषण केले, त्यावरून छायाचित्रास हे नाव पडले. या छायाचित्राच्या एकोणिसाव्या शतकातील छोट्या पुठ्ठ्यावरील प्रती आज संग्राहकांच्या विशेष आवडीच्या आहेत.

पार्श्वभूमी

त्या वेळी ५१ वर्षांचे असलेले लिंकन पूर्वेकडील राज्यांत फारसे परिचित नव्हते. इलिनॉयचा एक उंच, किडकिडीत, ओबडधोबड वकील अशीच त्यांची ख्याती होती आणि विरोधक त्यांच्या रूपाची यथेच्छ टिंगल करीत. ब्रेडी यांनी त्यांना उभे करून डावा हात पुस्तकांवर ठेवण्यास सांगितले आणि मागे खांब घेतला. लांब मान आखूड दिसावी म्हणून सदऱ्याची कॉलर वर ओढून घेतली, असे स्वतः ब्रेडी यांनी पुढे सांगितले आहे. पुस्तके आणि खांब ही त्या काळच्या चित्रशाळांतील ठरलेली सामग्री होती. तरीही येथे ती शोभून दिसते, कारण ६ फूट ४ इंच उंचीच्या या माणसाचे अवघडलेपण तिने झाकले आहे.

चित्रात लिंकन यांना दाढी नाही. आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर दिसणाऱ्या, लिंकन यांच्या नावावर चालत आलेल्या ‘हेडमास्तरांस पत्रा’सोबतचा चेहरा मात्र दाढीचा असतो. ती दाढी त्यांनी १८६० च्या अखेरीस राखली.

प्रसार

मे १८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळताच या चित्राला मोठी मागणी आली. तेव्हाच्या छपाईयंत्रांवर छायाचित्र थेट छापता येत नसे; म्हणून ‘हार्पर्स वीकली’ने त्यावरून लाकडी ठसा कोरून घेतला, तर इतरांनी शिळाछाप चित्रे काढली. प्रचाराच्या बिल्ल्यांवरही ते झळकले. जो मतदार उमेदवाराला कधीच प्रत्यक्ष पाहणार नव्हता, त्याच्या हाती त्याचा चेहरा पोहोचला. आपल्या विजयाचे श्रेय लिंकन यांनी ब्रेडी आणि ते भाषण या दोहोंना दिले, अशी आठवण सांगितली जाते.

तंत्र व ओळख

चित्र ओल्या कोलोडिऑन पद्धतीने घेतलेले आहे. काचेवर कोलोडिऑनचा थर देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवीत आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालीत. प्रकाशनाला काही सेकंद लागत. तेवढा वेळ निश्चल राहावे लागे, म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावण्याची रीत होती. निगेटिव्हवरून अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर उन्हात प्रती काढल्या जात. काळाबरोबर या प्रतींवर पिवळसर छटा येते.

पॅरिसच्या दिस्देरी यांनी १८५४ मध्ये ‘कार्त द व्हिझिट’ या प्रकाराचे पेटंट घेतले होते. सुमारे ६४ × १०० मि.मी. पुठ्ठ्यावर चिकटवलेले हे स्वस्त चित्र अमेरिकेत १८६० च्या सुमारास घराघरांतील अल्बमात जाऊ लागले. स्वाभाविकच चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला. मूळ प्रतीचेच पुन्हा छायाचित्र काढून बनवलेल्या अशा नकलेत केसांच्या बटा व कोटाच्या सुरकुत्या पुसट होतात. संग्राहक म्हणून आधी हेच पाहतो, मग पुठ्ठ्याची जाडी, कोपरे आणि मागील छापा.

मागील बाजूचे करतिकीट हा आणखी एक पुरावा आहे. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १ सप्टेंबर १८६४ पासून १ ऑगस्ट १८६६ पर्यंत अमेरिकेत छायाचित्रांवर असे तिकीट लावणे बंधनकारक होते. मात्र त्यावरून चित्र कधी घेतले हे ठरत नाही, प्रत केव्हा विकली गेली एवढेच कळते. कूपर युनियन छायाचित्राच्या एखाद्या प्रतीवर असे तिकीट आढळल्यास, ती घेणाऱ्याने दाढीधारी राष्ट्राध्यक्षाच्या काळात किंवा त्याच्या हत्येनंतर हे जुने रूप विकत घेतले, असे समजावे.