बोटे हलतात, म्हणून हाड शाबूत?

"डॉक्टर, बोटे हलताहेत, म्हणजे फ्रॅक्चर नसणार!" हे वाक्य माझ्या दवाखान्यात नेहमी ऐकू येते. हा समज खोटा आहे. बोटे हलवितात ते स्नायू. हाड मोडले तरी ते आपले काम करू शकतात. खुब्याचे हाड मोडून टोके एकमेकांत रुतली, तर आजोबा लंगडत चालतही येतात.

कातडी शाबूत असली तर अस्थिभंग बंद. जखम हाडापर्यंत गेली तर तो उघडा, आणि मग भीती जंतूंची. अशा जखमेत हळद किंवा चहापूड भरू नये, बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. स्वच्छ कापडाने झाकून तडक रुग्णालय गाठावे. म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात. हात टेकून पडले की मनगट मोडते. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी हे १८१४ साली लिहून ठेवले, क्ष-किरणांच्या शोधाआधी ८१ वर्षे!

मुलांचे हाड ओल्या फांदीसारखे. कधी एका बाजूने तडकते, दुसरीकडे नुसते वाकते. ते बहुधा चांगले जुळते. मला धास्ती वाटते ती कोपराच्या जरा वर मोडलेल्या हाडाची. हाताची मुख्य रक्तवाहिनी तेथूनच जाते. जांभळावरून पडलेल्या ६ वर्षांच्या एका मुलाला कामट्या घालून करकचून बांधले होते. रात्रभर तो रडला. घरचे म्हणाले, दुखणारच. माझ्याकडे आणला तिसऱ्या दिवशी. हाड पुढे जुळले, पण बोटे वळलेली ती वळलेलीच. आता तो डाव्या हाताने लिहितो.

सूज वाढते, पट्टी सैल होत नाही आणि आतले रक्त अडते. साधारण ६ तासांत स्नायू मरू लागतात. बांधल्यावर वेदना वाढतच गेली, बोट सरळ करताच मूल किंचाळले, बोटे गार, पांढरी वा निळी पडली, मुंग्या आल्या, तर पट्टी त्याच क्षणी सोडा. पट्टी कोणीही बांधलेली असो. प्लास्टर असेल तर मध्यरात्रीही रुग्णालयात जाऊन ते कापून घ्या.

नेताना हात आहे त्याच स्थितीत, घडी घातलेल्या वर्तमानपत्राच्या आधाराने सैलसर बांधावा. बांगड्या, अंगठ्या सुजेआधी काढाव्यात. आणि वाटेत मुलाला दूध-बिस्किटे देऊ नयेत. भूल द्यायची झाल्यास पोट रिकामे लागते.