हाताला न लागणारी गाठ : इलास्टोग्राफीची तीन दशके

स्तनातली किंवा मानेवरची गाठ डॉक्टर बोटांनी चाचपून पाहतात. ती कडक लागली, जागची हलेना, की शंका बळावते आणि पुढच्या तपासण्या सुरू होतात. यकृताच्या बाबतीत ही सोय नाही. ते उजव्या बरगड्यांच्या आड असते आणि त्यातली दोन-तीन सेंटिमीटरची गाठ सहसा हाताला लागत नाही. सोनोग्राफीने ती दिसू लागली, पण मऊ की कडक हे कळेना. अल्ट्रासाऊंडच्या लहरी शरीराच्या मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातात आणि ऊती मऊ असो वा कडक, त्या वेगात फारसा फरक पडत नाही. बोटांना जे चटकन जाणवते, ते साध्या सोनोग्राफीला जाणवत नव्हते. ही उणीव भरून काढण्याच्या धडपडीतून इलास्टोग्राफी जन्माला आली.

१९९१ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे टेक्सास विद्यापीठातील जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तंत्राचा पहिला सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. कल्पना सरळ होती. ऊती किंचित दाबायची, दाबण्याआधीचे आणि नंतरचे प्रतिध्वनी ताडून पाहायचे. मऊ भाग जास्त दबतो, कडक भाग कमी. हा फरक चित्रात उतरवायचा. स्तनाच्या गाठींसाठी ही पद्धत चांगली उपयोगी पडली. यकृतापाशी मात्र ती अडखळली. बरगड्यांवरून दाब आत नीट पोहोचत नाही, म्हणून हृदयाच्या ठोक्यांनी यकृताला बसणाऱ्या हेलकाव्यांवर भिस्त ठेवावी लागली. शिवाय रंगांचे संकेतही एकसारखे नव्हते : काही यंत्रांवर निळा म्हणजे कडक, तर काहींवर निळा म्हणजे मऊ.

पुढची मोठी झेप शिअर वेव्हने घेतली. ऊतीला हलका धक्का दिला की तिच्यात एक संथ, आडवी थरथर पसरते. तिचा वेग सेकंदाला साधारण १ ते १० मीटर, आणि ऊती जितकी कडक तितका तो जास्त. वेग मोजता आला की कडकपणा थेट किलोपास्कलमध्ये सांगता येतो. पॅरिसमध्ये लॉरां सांद्रँ आणि सहकाऱ्यांनी या तत्त्वावर फायब्रोस्कॅन विकसित केले, ते २००३ च्या सुमारास वापरात आले. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात कॅथरीन नाइटिंगेल यांच्या गटाने अल्ट्रासाऊंडच्याच एकवटलेल्या किरणाने आत खोलवर धक्का देण्याची पद्धत पुढे नेली. त्यामुळे पडद्यावर गाठ पाहत, नेमक्या तिच्यावर चौकट ठेवून मोजमाप करणे शक्य झाले. फायब्रोस्कॅनला हे जमत नाही; ते चित्र देत नाही, यकृताच्या एका भागाचा कडकपणा सांगते.

तपासणी बघायला साधी वाटते. तीन तास उपाशी असलेला रुग्ण उताणा झोपतो, उजवा हात डोक्याखाली घेतो. दोन बरगड्यांमधल्या फटीत जेल लावून प्रोब टेकवतात. फायब्रोस्कॅनचा ठोका त्वचेवर टिचकीसारखा बसतो. असे दहा ठोके, दहा आकडे, आणि त्यांचा मध्यक अहवालात येतो. आकडे एकमेकांपासून फार विखुरलेले असतील, तर अनुभवी तज्ज्ञ त्यांच्यावर विसंबत नाहीत.

आता मूळ प्रश्न : गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे कडकपणावरून कळले का? आशादायक निष्कर्ष जरूर मिळाले. दुसरीकडून पसरून आलेल्या गाठी आणि पित्तनलिकांचे कर्करोग बहुधा कडक निघतात, कारण त्यांच्यात तंतुमय भाग भरपूर असतो. पण यकृताचा मुख्य कर्करोग पुष्कळदा सिरॉसिस झालेल्या यकृतात वाढतो. तिथे भोवतालचे यकृतच कडक, आणि गाठ त्याहून मऊही असू शकते. उलट फोकल नोड्युलर हायपरप्लेजिया ही निरुपद्रवी गाठ आतल्या तंतुमय व्रणामुळे चांगलीच कडक असते. म्हणजे कडक ते वाईट हा स्तनातला धडा यकृताला लागू पडत नाही. म्हणूनच गाठीचे निदान केवळ इलास्टोग्राफीवरून करावे, असे युरोपीय तज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगत नाहीत. तो निवाडा आजही कॉन्ट्रास्ट देऊन केलेला सीटी, एमआरआय किंवा सोनोग्राफी, आणि गरज पडल्यास बायोप्सी यांच्यावरच होतो.

खरे यश आले ते गाठीच्या भोवती. २००९ मध्ये टोकियोच्या संशोधकांनी हेपेटायटिस सी असलेल्या ८६६ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांच्या यकृताचा कडकपणा २५ किलोपास्कलच्या वर होता, त्यांना कर्करोगाचा धोका १० किंवा त्याहून कमी असणाऱ्यांच्या तुलनेत ४५ पटींहून जास्त दिसला. गाठ उगवण्याआधीच जमीन कशी आहे, हे सुईविना कळू लागले. गाठ काढायची ठरली, तर उरलेले यकृत शस्त्रक्रिया झेपवेल का, याचा अंदाज घ्यायलाही शल्यचिकित्सकांना हाच आकडा मदत करतो. माझ्या मते या तीस वर्षांची कमाई ही आहे, आणि ती गाठीच्या रंगीत चित्रापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

आपल्याकडे हेपेटायटिस बी आणि सी, दारू, मधुमेह आणि लठ्ठपणातून येणारे फॅटी लिव्हर यांनी यकृत वर्षानुवर्षे मुकाट्याने कडक होत जाते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून विषाणूजन्य काविळीची तपासणी आणि उपचार मोफत मिळतात, त्याचा लाभ घ्यायला हवा. धोक्याच्या गटात असाल, तर कडकपणा मोजायचा का, हे डॉक्टरांना आपणहून विचारा. तपासणीला उपाशीपोटी जा. तीव्र कावीळ किंवा हृदयविकार असेल तर तो आधीच सांगा, कारण त्यानेही आकडा फुगतो. अहवालातला ‘कडक’ शब्द वाचून हातपाय गाळू नका आणि ‘मऊ’ वाचून गाठीकडे काणाडोळा करू नका. आणि सिरॉसिसचे निदान झाले असेल, तर दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका.