साखर उलटली, त्यात खाज

इन्सुलिन सुटलेल्या मांजराचा मधुमेह पुन्हा उलटू शकतो. वाटीतलं पाणी भराभर संपतं, लिटर-ट्रेमध्ये लघवीचे मोठाले गोळे दिसतात, भरपूर खाऊनही वजन उतरतं. त्यातच मान-कान खाजवून सोलले असतील, तर स्टेरॉइड घेण्याआधी डॉक्टरांना मधुमेहाची आठवण करून द्याच. स्टेरॉइडने साखर चढते. कधी कधी आजार उलटण्याचं कारणही तेच असतं. खाजेमागची अन्नाची अ‍ॅलर्जी ओळखायला पूर्वी कधीच न खाल्लेलं एक प्रथिन किंवा हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं) खाद्य किमान ८ आठवडे द्यावं लागतं. मधे चिकनचा तुकडाही नाही. हायड्रोलाइज्ड कोरड्या दाण्यांत मात्र स्टार्च बरंच असतं, म्हणून शक्यतो ओलं खाद्य बघा. स्टार्च घटलं की इन्सुलिनही कमी लागतं, तेव्हा डॉक्टरांना डोस न विचारता खाद्य बदलू नका. साखर फार उतरून मांजर लटपटलं, तर हिरड्यांना मध चोळा आणि तडक दवाखाना गाठा.