लढाई दूरची, टंचाई घरची



लढाई म्हटली की आपण तोफा-विमाने डोळ्यांसमोर आणतो. पण जिथे एकही गोळी सुटत नाही, अशा गावातही लढाई शिरते. ती धान्याच्या कणगीतून, खताच्या पोत्यातून नि रानातल्या झाडांतून शिरते. याचा दाखला आंबा घाट उतरला की लगेच मिळतो.

घाटाखालचा संगमेश्वर तालुका भातशेतीचा. पण डोंगरउतारावरची शेती तुकड्यातुकड्यांची. घरचे भात-नाचणी वर्षभर पुरायची नाही. मुंबईच्या गिरणीतून चाकरमान्याची मनीऑर्डर यायची आणि तिच्यावर विकतचा तांदूळ यायचा. त्या काळी ब्रह्मदेशातून दरसाल लाखो टन तांदूळ हिंदुस्थानात उतरत असे. ८ मार्च १९४२ रोजी जपान्यांनी रंगून घेतले आणि ती आवक तुटली. जहाजे लढाईच्या कामाला गुंतली, भाव भडकले. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. बंगालमध्ये त्याच वर्षी लाखो माणसे अन्नावाचून मेली. तिथे सारा दोष पिकाचा नव्हता. साठेबाजी, महागाई आणि सरकारी धोरण यांचाही होता.

दुसरा घाव रानावर पडला. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. लाकूड आणि कोळसा यांना मागणी आली. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडे, बहुतेक रान खासगी मालकीचे. ते राखणार कोण? उतारावरचे झाड गेले की कोकणचा पाऊस माती धुऊन नेतो आणि खाली नदीत गाळ भरतो. शास्त्री नदीला तर गाळाचे दुखणे आधीपासूनच. लढाई तीन-चार वर्षांत संपते, पण धुपलेली माती पिढीभरात परत येत नाही.

हे जुने झाले म्हणाल, तर २०२२ आठवा. रशिया-युक्रेन युद्ध पेटले आणि सूर्यफूल तेल कडाडले. मे महिन्यात आपल्या सरकारने गहू निर्यात बंद केली. जूनपासून साखर निर्यातीवरही बंधन आले. पोटॅश आपण जवळजवळ सगळेच परदेशातून आणतो, आणि रशिया व बेलारूस हे त्याचे मोठे उत्पादक. म्हणजे तिकडच्या लढाईचा चटका थेट आपल्या उसाच्या सरीला. ६ जून २०२३ रोजी युक्रेनमधले काखोव्का धरण फुटले. खालची गावे बुडाली आणि कालव्यावरची शेती पाण्याविना राहिली. धरणावर ऊस पिकवणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको.

लढाई थांबवणे आपल्या हाती नाही. पण तिचा मार कमी बसावा, एवढे तरी आपल्याला करता येईल :

१) पाचट पेटवू नका. सरीत कुजवा, माती आणि ओल दोन्ही राहतील.

२) माती तपासूनच खत द्या. ताग, धैंचा गाडा; प्रेसमडचे खत वापरा.

३) मळीपासून अल्कोहोल काढल्यावर जे स्पेंट वॉश उरते, ते जाळून झालेल्या राखेच्या खतात किमान १४.५ टक्के पोटॅश असते. हे पोटॅश बोटीने आणावे लागत नाही. ते आपल्याच उसातले आहे.

४) सगळे रान उसाखाली घालू नका. घरापुरते धान्य आणि बांधावर चार झाडे ठेवाच.

रंगूनच्या तांदळावर विसंबलेल्या घरांना १९४२ साली विचार करायला सवड मिळाली नाही. आपल्याला ती आहे.