जुन्या लॅपटॉपला यूएसबी ३.०

परवा एका मैत्रिणीने तिचा २०११चा थिंकपॅड टी४२० आणला. मशीन ठणठणीत, पण सगळे पोर्ट यूएसबी २.०. लग्नाचे फोटो बाहेरच्या एसएसडीवर टाकायचे म्हणजे तासन्‌तास बसून राहायचं.

अशा लॅपटॉपच्या कडेला एक खाच असते, एक्स्प्रेसकार्डची. बहुतेकांनी त्यातली प्लास्टिकची पट्टी कधी काढलेलीच नसते!

या खाचेत थेट पीसीआय एक्स्प्रेसची एक लेन येते. तिथे यूएसबी ३.० कार्ड सरकवलं की झालं, लॅपटॉप उघडायची गरज नाही. यूएसबी २.०ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३०-४० एमबी. पहिल्या पिढीच्या एका लेनची मर्यादा २५० एमबी. यूएसबी ३.०चा पूर्ण वेग मिळत नाही, तरी फरक प्रचंड.

खरी मेख विजेत आहे. ही खाच ३.३ आणि १.५ व्होल्ट देते. यूएसबीला लागतात ५. म्हणून बऱ्याच कार्डांना बाजूला छोटं गोल भोक असतं, जादा वीज घेण्यासाठी. हार्डडिस्क टिकटिक करून बंद पडत असेल तर आधी त्या भोकात विजेची केबल जोडा, किंवा स्वतःचा ॲडॅप्टर असलेला हब वापरा.

विंडोज ७ला ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. विंडोज ८पासून आणि लिनक्सवर सहसा लागत नाही.

तुमचं मॉडेल कमेंटमध्ये लिहा, खाच आहे का ते बघून सांगते.